गाढव हरवलेला मुल्ला

आम्ही मराठी शाळेत होतो तेव्हा ऑफ तासाला एक गुरुजी गोष्टींचे पुस्तक वाचून दाखवीत. त्यात बिरबल असे, तेनालीराम असे आणि मुल्ला नसरुद्दीनही असे. बिरबलाची गोष्ट संपली की सगळा वर्ग गुरुजींकडे पाही. मुल्लाची गोष्ट संपली की वर्ग मागे वळून आमच्याकडे पाही. वर्गात मुसलमान आम्ही एकटेच, आणि घराकडे गावचे मुलाणीपण. पुस्तकातल्या चित्रात मोठ्या पगडीचा, लांब दाढीचा, डोळे वटारलेला एक माणूस गाढवावर उलटा बसलेला होता. मधल्या सुट्टीत पोरे विचारीत, "काय रं मुल्ला, गाढव कुठं बांधलंस?"

घरी येऊन आम्ही अब्बांकडे तक्रार केली. अब्बा नुकतेच वाड्यावस्त्या फिरून आले होते, पायांवर धूळ होती. ते शांतपणे म्हणाले, "अपने कने गधा रहता तो मैं पैदल कायकू फिरता?"

तेव्हा आम्हाला राग आला. आपली चेष्टा झाली आणि अब्बांना तिचे काही नाही, असे वाटले. पुढे नसरुद्दीनच्या किश्शांचा इतिहास वाचत गेलो तसे लक्षात आले की पगडी-दाढी पाहणाऱ्या पोरांना जे दिसले नव्हते, ते अब्बांना दिसले होते. गाढव बाळगणारा मुल्ला हा आमच्यापेक्षा बऱ्या परिस्थितीतला माणूस होता. त्या किश्शांत गाढव म्हणजे भांडवल आहे. ते हरवते, विकले जाते, उसने मागितले जाते, उपाशी मरते, आणि प्रत्येक वेळी एका गरीब खेडूत घराचा हिशेब डगमगतो. हसू त्या हिशेबातून येते. म्हणून या लेखात मुल्लाबरोबरच, किंबहुना मुल्लापेक्षा जरा जास्तच, त्याच्या गाढवाचा माग काढायचा आमचा विचार आहे.

जुहा आणि अक्शेहिरचा खोजा

नसरुद्दीनच्या आधी अरबीत जुहा होता. नवव्या शतकातला बसऱ्याचा थोर गद्यलेखक अल-जाहिझ याला तो ठाऊक होता. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने त्याच्या काळातल्या ग्रंथांची जी प्रचंड यादी केली, तिच्यात जुहाच्या किश्शांचे पुस्तक नोंदलेले आहे. मौलाना रूमींच्या मसनवीतही 'जुही' या नावाने तो मधूनच डोकावून जातो. म्हणजे खुळा दिसणारा आणि शेवटी दुसऱ्यालाच खुळे ठरवणारा हा माणूस हजार-अकराशे वर्षे आपल्यात वावरतो आहे.

तुर्कस्तानात त्याला घर मिळाले, गाव मिळाले आणि कबरही मिळाली. परंपरा सांगते की इ. स. १२०८ च्या सुमारास सिव्रिहिसारजवळच्या होर्तू गावी नसरुद्दीनचा जन्म झाला. वडील गावचे इमाम होते. पुढे तो अक्शेहिरला येऊन राहिला आणि तिथेच वारला. तिथल्या त्याच्या कबरीवर हिजरी सन कोरला आहे ३८६. हा आकडा उलटा वाचायचा, म्हणजे ६८३ होतात, आणि इसवी सनाप्रमाणे १२८४-८५. गाढवावर उलट्या बसणाऱ्याचे सालही उलटेच असणार! त्या कबरीची दुसरी गंमत प्रसिद्ध आहे. चारी बाजूंनी नुसते खांब, भिंत नाही, कुणीही कुठूनही आत यावे; पण दाराला मात्र भलेमोठे कुलूप.

लेखी पुराव्यात तो पुष्कळ उशिरा सापडतो. १४८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या 'सल्तुकनामा' या तुर्की ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. नंतरच्या हस्तलिखितांत किस्से वाढत गेले आणि १८३७ मध्ये इस्तंबूलला ते छापून निघाले. छापखान्यात पोचेपर्यंत जुहाचे, इराणचे, बाजारातले, कारवान सरायांतले असे कितीतरी किस्से त्याच्या नावावर जमा झाले होते. गावात एक विहीर असली की सगळ्यांच्या घागरी तिथेच यायच्या, तसे हे झाले.

या किश्शांत तैमूरलंग वारंवार येतो आणि मुल्लाकडून चिमटे खाऊन जातो. तारखा पाहिल्या तर हे शक्य नाही. तैमूरने अंगोऱ्याच्या लढाईत सुलतान बायजीदला पकडले ते १४०२ साली, म्हणजे मुल्लाला जाऊन सव्वाशे वर्षे होत आली होती. पण लोकांनी ही गाठ उगाच घातलेली नाही. कैदेतला बायजीद १४०३ मध्ये मेला तो अक्शेहिरलाच. तैमूरच्या फौजांची धूळ त्या मुलखाने खाल्ली होती. ज्याच्यापुढे सुलतानाचे काही चालले नाही, त्याला गावचा इमाम आणि इमामाचे गाढव यांच्याकडून हरवून लोकांनी आपला हिशेब चुकता केला.

गावचा इमाम म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मुलाणी उभा राहतो. महाराष्ट्रात बलुत्या-अलुत्याच्या जुन्या याद्यांत मुलाणा आहे. तो मशिदीची दिवाबत्ती करी, बकरे हलाल करी, सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य घेई. नसरुद्दीनही असाच. एका किश्शात तो नमाज पढवतो, दुसऱ्यात पोरे शिकवतो, तिसऱ्यात काझी होऊन निवाडा देतो, चौथ्यात रानात लाकडे तोडतो आणि पाचव्यात बाजारात कोंबड्या विकतो. एका धंद्यावर भागत नाही अशा माणसाचे हे चित्र आहे. इल्म आहे, पण घरात पीठ नाही. असल्या माणसाच्या दावणीला एक गाढव असणे ही फार मोठी गोष्ट होती.

घरचा हिशेब

आता काही किस्से या नजरेने पाहू. वाचकांना ते ठाऊक असतीलच.

शेजारी गाढव मागायला येतो. मुल्ला म्हणतो, घरी नाही. तेवढ्यात गोठ्यातून गाढव ओरडते. शेजारी चिडतो. मुल्ला उलट विचारतो, "तू माझ्यावर विश्वास ठेवणार की गाढवावर?" शहरातला वाचक मुल्लाच्या खोटेपणाला हसतो. खेड्यातला माणूस दोघांनाही ओळखून हसतो. पेरणीच्या दिवसांत बैल मागायला आलेल्या भाऊबंदाला टाळणे किती अवघड असते हे त्याला माहीत आहे. उसने नेलेले जनावर संध्याकाळी पाठीवर आवाळू घेऊन, उपाशी परत येते. नाही म्हणावे तर संबंध तुटतात आणि द्यावे तर जनावर जाते. या पेचातून निघायला मुल्लाने जे खोटे सांगितले ते आमच्याकडेही घरोघर सांगितले जाई. फरक एवढाच की आमच्या बैलांना वेळेवर हंबरायची सवय नव्हती.

दुसरा किस्सा वैरणीचा. मुल्ला गाढवाची चंदी रोज मूठभर कमी करत जातो. गाढव तक्रार करीत नाही. शेवटी एके दिवशी ते मरते आणि मुल्ला हळहळतो की, अरेरे, उपाशी राहायची सवय आता कुठे लागली होती! १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी दावणीची जनावरे पाहिली आहेत त्यांना हा किस्सा सांगून पाहावा. ते हसतात, पण जरा थांबून. मुल्लाचा मूर्खपणा हा दुष्काळातला रोजचा हिशेब होता. पेंडी अर्धी करायची, मग पाव करायची, आणि जनावर अजून उभे आहे याचे समाधान मानायचे.

तिसरा, गाढव हरवल्याचा. मुल्ला गाढव शोधत फिरतो आणि खुदाचे शुक्र मानतो. लोक विचारतात, शुक्र कशाचे? तो सांगतो, "मी त्याच्यावर बसलेला नव्हतो म्हणून. नाहीतर मीही हरवलो असतो." नुकसान झालेल्या माणसाने स्वतःची समजूत घालायची ही तऱ्हा आहे. आमची दादी घरात काही फुटले-मोडले की म्हणे, जानचा सदका गेला. त्या दोन्ही बोलण्यांत फारसा फरक नाही.

बाजाराचा किस्सा तर आमच्याकडच्या कुठल्याही गुरांच्या बाजारात घडावा असा आहे. मुल्ला नको झालेले गाढव दलालाकडे देतो. दलाल गाढवाची अशी काही तारीफ करतो की मुल्लाच बोली वाढवत जातो आणि आपलेच गाढव जास्त पैसे देऊन परत विकत घेतो. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दलालाच्या जिभेची ताकद सांगायला नको.

आणि सरहद्दीचा किस्सा. मुल्ला रोज गाढवांवर गवत लादून नाका ओलांडतो. शिपाई गवत उपसून पाहतात, त्याच्या अंगाची झडती घेतात. काही मिळत नाही आणि मुल्ला मात्र सुखवस्तू होत जातो. कित्येक वर्षांनी निवृत्त शिपाई विचारतो, "आता तरी सांग, काय चोरून नेत होतास?" मुल्ला म्हणतो, "गाढवे." सरकारला ओझे दिसते, ओझे वाहणारा दिसत नाही. मजुरांच्या बाबतीतही हेच होते. पाच-सहा ओळींच्या किश्शात एवढे सांगून टाकणे हे लहान काम नाही.

गाढवाची फिर्याद

या किश्शांत गाढव बोलत नाही. फार तर ओरडते. पण मुसलमानी वाङ्मयात त्याला जबानी द्यायची संधी नसरुद्दीनच्याही आधी मिळाली होती. दहाव्या शतकात बसऱ्यात 'इख्वानुस्सफा' नावाच्या विद्वानांच्या मंडळाने पन्नासाहून अधिक रिसाले लिहिले. त्यांतल्या बाविसाव्या रिसाल्यात एक मोठा खटला आहे. जिन्नांचा बादशहा बीवरास्प याच्या दरबारात जनावरे माणसांविरुद्ध फिर्याद करतात. माणसे म्हणतात, आम्ही मालक आणि हे गुलाम. त्यावर खेचर, गाढव, बैल, घोडा, उंट एकेक करून पुढे येतात आणि आपली हकिकत सांगतात. पाठीवर दगड-विटा, मागून काठी, तोंडातून शिव्या. माणसाच्या अहंकाराची तिथे जी काही फजिती होते, तिला तोड नाही. शेवटी निकाल माणसाच्या बाजूने जातो, पण कशामुळे? बुद्धीमुळे नाही, रूपामुळे नाही. माणसांमध्ये काही सज्जन, खुदाला भिऊन वागणारे असतात आणि त्यांना परलोकाचे आश्वासन आहे, एवढ्यामुळे. म्हणजे मालकी सिद्ध करायची तर आधी सज्जन व्हावे लागेल.

हा रिसाला हिंदुस्थानात घरोघर पोचला तो मौलवी इकराम अली यांच्यामुळे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्यांनी १८१० मध्ये त्याचे उर्दू भाषांतर केले. इंग्रज साहेबांनी हिंदुस्थानी भाषा शिकावी म्हणून तो वापरला गेला. ज्यांना या देशावर स्वार व्हायचे होते त्यांना भाषा शिकवायला गाढवाची फिर्याद नेमावी, हाही एक मुल्लाचाच किस्सा म्हणायला हवा.

दानाबाश गावचे गाढव

आता पाचशे-सहाशे वर्षे पुढे येऊन कॉकेशसमध्ये जाऊ. कारण मुल्लाच्या विनोदातून आधुनिक ग्रामीण वाङ्मय जन्माला आले ते तिथे.

जलील मम्मदगुलुजादे हा नख्चिवानचा. गोरीच्या अध्यापक विद्यालयातून १८८७ मध्ये बाहेर पडला आणि खेड्यांतल्या शाळांतून मास्तरकी करू लागला. नेहरम गावच्या शाळेत असताना, १८९४ मध्ये, त्याने अझरबैजानी भाषेत एक छोटी कादंबरी लिहिली, 'दानाबाश गावच्या हकिकती'. दानाबाश याचा शब्दशः अर्थ वासराच्या डोक्याचे. गावाच्या नावापासूनच हसू सुरू होते. आणि या पुस्तकाच्या कथेचे नाव आहे 'गाढव हरवले'.

मम्मदहसन चाचा हा गरीब, भोळा शेतकरी. करबलाच्या यात्रेला जायचे म्हणून पै-पैसा साठवून तो एक गाढव विकत घेतो. गावचा कारभारी खुदायार बेग शहरात जायला ते गाढव मागतो. कारभाऱ्याला नाही म्हणायची चाचाची हिंमत नाही. इथे वाचकाला मुल्ला आणि त्याचा शेजारी आठवतो. पण मुल्लाकडे आलेला शेजारी हुकूमत घेऊन आलेला नव्हता. खुदायार शहरात जाऊन ते गाढव विकतो आणि पैसा आपल्या कारस्थानाला लावतो. एका विधवेच्या मिळकतीवर त्याचा डोळा आहे. तिच्या इच्छेविरुद्ध तिच्याशी निकाह लावून घ्यायचा तर काझीचा हात ओला करावा लागतो. चाचा रोज वाटेकडे डोळे लावून बसतो. गाढव येत नाही आणि करबलाही राहते.

सांगण्याची ढब सगळी विनोदी आहे. लेखक कुठे गहिवरत नाही. पण एका गाढवाच्या जाण्यातून गावचा सगळा कारभार उघडा पडतो. कारभारी, काझी, मुकी विधवा, पाहून न पाहिल्यासारखे करणारे गावकरी, सगळे. ही कादंबरी लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. १९३२ साली तो वारला, त्यानंतर ती प्रसिद्ध झाली.

मधल्या काळात त्याने जे केले ते त्याहून मोठे. ७ एप्रिल १९०६ रोजी तिफ्लिसला त्याने एक सचित्र विनोदी साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले 'मुल्ला नसरुद्दीन'. ऑस्कर श्मेर्लिंगची रंगीत व्यंगचित्रे, मिर्झा अलीअकबर साबिरच्या झोंबऱ्या कविता आणि संपादकाचे टोले. बालविवाह, मुलींना शाळेपासून दूर ठेवणे, लाचखाऊ धर्माधिकारी, जारचे अधिकारी, इराणचा शहा, कुणीही सुटले नाही. बंदी आली, धमक्या आल्या. पत्र तिफ्लिसहून तब्रीझला गेले, तब्रीझहून बाकूला गेले आणि अडखळत अडखळत १९३१ पर्यंत चालले.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मुसलमान समाजातल्या सुधारकाला समाजाचे दोष दाखवायचे होते तेव्हा त्याने बाहेरून काठी आणली नाही. आपल्याच घरातला मुल्ला त्याने हाताशी धरला. लोक आपल्यावर हसायला तयार झाले, कारण हसणारा आपला होता. शाळेत आमच्यावर जे हसले गेले त्यात आणि या हसण्यात हाच फरक होता.

तळे आणि शापित राजपुत्र

पुढचे नाव लिओनिद सोलोव्योव यांचे. ते रशियन, पण १९०६ मध्ये जन्मले लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरात. आईवडील तिथे शिक्षक होते. वाढले मध्य आशियात, कोकंदला. मुल्लाचे किस्से त्यांनी चहाखान्यांतून ऐकले. १९४० मध्ये त्यांची नसरुद्दीनवरची कादंबरी आली आणि प्रचंड गाजली. बुखाऱ्याच्या अमिराला आणि सावकारांना नाकी नऊ आणणारा हा खोजा आपल्या करड्या गाढवाशिवाय कुठे जात नाही. १९४३ मध्ये युद्ध चालू असताना ताश्कंदला तिच्यावर चित्रपटही निघाला.

१९४६ मध्ये सोलोव्योव यांना अटक झाली. आठ वर्षे छावण्यांत गेली. तिथे, कैदेत, त्यांनी कादंबरीचा दुसरा भाग लिहिला, 'मोहिनी पडलेला राजपुत्र'. तो १९५६ मध्ये छापला गेला. या भागातले गाव पाण्यासाठी तहानलेले आहे. डोंगरातले तळे आगाबेग नावाच्या धनदांडग्याच्या मालकीचे आहे. शेते वाळायला लागली की तो पाण्याची वाटेल ती किंमत मागतो. खोजा त्याच्याकडे तळ्याचा राखणदार म्हणून नोकरीला राहतो आणि हळूहळू त्याच्या मनात भरवतो की आपले गाढव हे गाढव नाही, मंत्राने गाढव झालेला मिसरचा शहजादा आहे. आगाबेग वजिरीच्या लालसेने गाढवापुढे अदबीने वाकू लागतो. शेवटी तळे त्याच्या हातून सुटते आणि पाणी गावाचे होते.

पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटलेली ज्याने पाहिली आहेत त्या मराठी वाचकाला हे तळे कुठे आहे ते नकाशात शोधावे लागणार नाही. आणि छावणीत बसून एका कैद्याने हे लिहिले, हेही विसरू नये. साहेबाला गाढवापुढे कुर्निसात करायला लावणारी गोष्ट लिहिताना त्याच्या स्वतःच्या पाठीवर काय ओझे होते याची कल्पना करता येते.

बाराबंकीहून मुंबईला

आमच्या देशात हे गाढव उर्दूत आले ते कृश्न चंदर यांच्या हाताने. 'एक गधे की सरगुजश्त' हे पुस्तक १९५० नंतरच्या दशकातले. हिंदीत ते 'एक गधे की आत्मकथा' म्हणून गेले आणि अजूनही वाचले जाते. बाराबंकीचे एक गाढव विटा वाहता वाहता एका बॅरिस्टरच्या संगतीने वर्तमानपत्र वाचायला शिकते. नशीब काढायला दिल्लीला येते आणि रामू धोब्याकडे कपड्यांची गाठोडी वाहू लागते. एके दिवशी जमनेत रामूला मगर ओढून नेते. त्याच्या विधवेला काही मदत मिळावी म्हणून हे शिकलेले गाढव सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागते. या खात्यातून त्या खात्यात, त्या साहेबाकडून या साहेबाकडे. असे करता करता ते थेट पंडित नेहरूंच्या बंगल्यावर पोचते. मग काय, फोटो छापून येतात, शेठजी पायघड्या घालतात. विधवेचा अर्ज मात्र राहतोच.

पुढच्या भागात हे गाढव मुंबईला येते, आणि तिसऱ्या भागात १९६२ च्या चीन-युद्धाच्या काळात नेफाच्या सरहद्दीवर पोचते. कृश्न चंदर स्वतः मुंबईकर झालेले. १९७७ मध्ये ते इथेच वारले. गावातले जनावर शहरात आले की त्याचे काय होते, हे त्यांनी गाढवाच्या तोंडून सांगितले. पण वाचणाऱ्याला कळे की बाराबंकीहून आणि आझमगडहून, कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आलेल्या माणसांचीच ही हकिकत आहे. मम्मदहसन चाचाचे गाढव कारभाऱ्याने नेले होते. बाराबंकीचे गाढव निदान अर्ज करू शकत होते. साठ वर्षांत झालेली प्रगती ती एवढी.

गाढव कुठे हरवले?

आता मूळ तक्रारीकडे येतो. एवढा मोठा वारसा असताना आमच्या वर्गात फक्त पगडी-दाढी का पोचली?

एक तर मुलांच्या पुस्तकांसाठी किस्से कापताना आधी गाव कापले गेले. दुष्काळ गेला, दलाल गेला, नाक्यावरचा शिपाई गेला, उरला एक विसरभोळा दाढीवाला. कशाला हसायचे ते न कळल्यामुळे मुले दाढीला हसली. दुसरीकडे मोठ्यांच्या पुस्तकांत त्याला फारच उंचावर नेऊन बसवले. इद्रिस शाह यांनी १९६६ पासून इंग्रजीत जी नसरुद्दीनची पुस्तके लिहिली, त्यांत किश्शांकडे सूफी साधनेचे धडे म्हणून पाहिले आहे. ते वाचन चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. किश्शाला अनेक तळ असतात. पण दिवाणखान्यात बसून वाचणाऱ्याला तिथे गाढव म्हणजे नफ्स दिसतो, चंदी मागणारे जनावर दिसत नाही. आपल्या पुण्यात १९७४ नंतर ओशोंच्या प्रवचनांतून मुल्ला नसरुद्दीन हे नाव हजारो कानांवर पडले. तिथला मुल्ला डॉक्टरकडे जातो, दारू पितो, बायकोशी भांडतो. किस्से हसवणारे आहेत, पण त्यातून गाव आणि गाढव दोन्ही नाहीसे झालेले आहेत.

२०२२ मध्ये युनेस्कोने तुर्कस्तान, अझरबैजान, कझाखस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तान या सात देशांच्या संयुक्त मागणीवरून नसरुद्दीनचे किस्से सांगण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. सात देशांनी एका खुळ्या माणसावर एकत्र हक्क सांगितला याचा आनंद आहे. तेवढ्यात आपल्याकडचा एक आकडाही पाहावा. २०१२ च्या पशुगणनेत देशात तीन लाखांहून अधिक गाढवे होती. २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू तिथे येतात. पण दरसाल येणारी जनावरे कमी होत असल्याचे सगळे सांगतात. वारसा यादीत गेला आणि वारशातले जनावर रस्त्यावरून गेले.

मराठी ग्रामीण विनोदाने जनावरांना अंतर दिले नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन करून खेड्याला स्वतःवर हसायला लावले. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त, १९७१ मध्ये, मळ्यात ट्रॅक्टर आला आणि जनावरांबरोबर गडीही कसा उपरा झाला ते सांगून झाले. पण त्या गावातल्या नालबंदाने, मुलाण्याने, टांगेवाल्याने काय पाहिले आणि तो कशाला हसला, हे अजून फारसे कागदावर आलेले नाही. ते आमचे काम होते आणि आम्ही ते राहू दिले.

आमच्या गावी बाजारादिवशी पिंपळाखाली एक नालबंद चाचा बसत. दोरीने बैल पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचे आणि पत्र्या ठोकायच्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ. बैल पडलेला असेतो मालक जीव मुठीत धरून उभा असे आणि चाचा त्याला किस्से सांगत. एकदा एक पाटील घाई करू लागला. चाचा हातोडी थांबवून म्हणाले, "पाटील, बैल गप पडलाय. तुम्हालाच पाडावं लागंल असं दिसतंय." सगळा बाजार हसला, पाटीलही हसले. बैल उठून उभा राहिला तेव्हा चाचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पैसे नंतर घेतले.

चाचा गेले. पिंपळाखाली आता मोबाइलचे दुकान आहे. असे किती नालबंद, किती मुलाणी, किती टांगेवाले गावोगाव अजून बसून आहेत ते वाचकांनाच माहीत. त्यांच्याजवळ जाऊन बसावे, चहा सांगावा आणि जनावरांची गोष्ट काढावी. ते आपोआप बोलू लागतात. फक्त लिहून घेताना गाढव गाळू नये.